भगवा पिवळा का छापला गेला: नौपाड्यातल्या एका मॉनिटरचं प्रकरण

गणपतीला दहा दिवस राहिले होते. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि नौपाड्यातून काकांचा फोन आला. "अरे, पाचशे कार्यक्रमपत्रिका परत आल्यात. मंडळाची मुलं म्हणतात, आम्ही भगवा सांगितला होता, ही तर हळद आहे. तुझी वहिनी म्हणते, स्क्रीनवर भगवाच होता. तू ये बघू आधी."

काकांचं दुकान वंदना टॉकीजकडच्या सखल भागात, तळमजल्यावर आहे. जोराचा पाऊस झाला की तिथे रस्त्यावर पाणी साचतं, आणि दुकानात पाणी शिरलं नाही तरी मागची भिंत सप्टेंबरपर्यंत ओलसर राहते. काकांनी स्क्रीन प्रिंटिंगपासून सुरुवात केली. आता डिझाइन त्यांच्या सूनबाई करतात आणि छपाई बाहेरच्या प्रेसमधून होते. त्यांच्या संगणकाची देखभाल मी बरीच वर्षं करतो.

पुढचं सांगण्याआधी माझा भाग सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी वहिनींनी मला फोनवर विचारलं होतं, "दादा, पांढरं पान जरा गुलाबी दिसतंय, काय करू?" मी दुसरीकडे कामात होतो. म्हटलं, मॉनिटरच्या मेनूत जा, लाल आणि निळा थोडा खाली घ्या. त्यांनी घेतला, पान पांढरं दिसलं, त्यांनी आभार मानून फोन ठेवला. तो सल्ला चुकीचा होता. रंग कुठे बिघडतोय हे न बघता मी बिघडलेल्या रंगावर दुसरा रंग चढवायला सांगितला. पाचशे पत्रिकांचं नुकसान तिथून सुरू झालं, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतोय.

दुकानात पोचल्यावर जे दिसलं

मॉनिटर साडेएकवीस इंची, १९२० बाय १०८० चा, चार-पाच वर्षांचा. सीपीयूला व्हीजीए केबलने, म्हणजे रंग व्होल्टेजने नेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या केबलने, जोडलेला. पांढरं रिकामं पान उघडलं तर ते फिकट गुलाबी, थोडं जांभळटकडे झुकणारं. माझ्या समोरच टेबलाचा ड्रॉवर वहिनींनी बंद केला आणि ते पान क्षणभर हिरवट झालं, मग पुन्हा गुलाबी. त्या म्हणाल्या, "हे असंच चाललंय. उन्हं पडली की हिरवट, पाऊस लागला की गुलाबी. मला वाटलं माझेच डोळे दुखतायत."

कोणत्याही मॉनिटरच्या तक्रारीत मी पांढऱ्याकडे आधी बघतो. पडद्यावरचा पांढरा हा लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांची बेरीज असतो. त्यातला एक कमी झाला की पांढरा कुठल्या बाजूला झुकतो हे ठरलेलं आहे. लाल कमी झाला तर पांढरा निळसर-हिरवट आकाशी दिसतो, हिरवा कमी झाला तर गुलाबी-जांभळा, निळा कमी झाला तर पिवळा. म्हणजे वहिनींचं पान गुलाबी दिसत होतं त्याचा अर्थ लाल वाढला असा नव्हता, हिरवा घटला असा होता. फोनवर एवढा विचार मी केला असता तर लाल-निळा कमी करायला सांगितलंच नसतं.

मग काळा बघितला. पूर्ण काळं चित्र काळंच होतं, त्यात गुलाबीपणा नाही. मधल्या राखाडी पट्ट्यांत थोडा, पांढऱ्यात सर्वांत जास्त. ही खूण महत्त्वाची आहे. एखाद्या रंगाचा सिग्नल अर्धवट पोचत असेल तर जितका उजेड जास्त तितकी तूट जास्त दिसते, आणि काळ्यात तूट पडायला मुळात काही नसतंच. याच्या उलट, संगणक एका पद्धतीने रंग पाठवतोय आणि मॉनिटर तो दुसऱ्या पद्धतीने वाचतोय असा घोळ एचडीएमआय या नव्या, डिजिटल केबलवर होतो, तेव्हा काळासुद्धा रंगतो. काळा हिरवा आणि पांढरा गुलाबी, किंवा काळा जांभळा आणि पांढरा फिकट हिरवा. इथे तसं काही नव्हतं.

ग्राहकाकडे गेल्यावर हात शिवशिवतात, पण सेटिंग बदलण्याआधी जे आहे त्याचे फोटो मोबाइलवर काढले. बरं झालं काढले. मॉनिटरच्या मेनूत लाल ८६, हिरवा १००, निळा ९० होता. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये एक प्रोफाइल, म्हणजे रंग किती बदलून दाखवायचे याची फाईल, आपोआप लागत होतं, ते कुठून आलं विचारलं तर वहिनींना आठवलं: मधल्या एका पावसाळी दिवशी पान परत गुलाबी झालं म्हणून त्यांच्या भाच्याने विंडोजचं कॅलिब्रेशन चालवून सरकपट्ट्या हलवल्या होत्या. म्हणजे मूळ दोष एक, आणि त्यावर दोन लेप. कोरड्या दिवशी मूळ दोष नाहीसा झाला की लेप उघडे पडायचे आणि पान हिरवट दिसायचं. डोळे दुखत नव्हते, वहिनी बरोबर बघत होत्या.

दोष कुठल्या टप्प्यावर आहे

रंग फाईलमधून निघतो, प्रोग्रॅममधून जातो, विंडोज आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमधून जातो, पोर्टमधून बाहेर पडतो, केबलने प्रवास करतो, मॉनिटरच्या इनपुटमध्ये शिरतो आणि शेवटी काचेवर दिसतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी तो बिघडू शकतो. म्हणून शंका अर्ध्यावर तोडत जायचं.

आधी दोन्ही लेप काढले. मॉनिटर फॅक्टरी रीसेट केला. भाच्याचं प्रोफाइल मात्र काढलं नाही, फक्त बंद केलं. पुढे तुलनेला लागलं असतं. पडदा रात्री पिवळसर करणारा विंडोजचा नाइट लाइट आणि कलर फिल्टर बंद आहेत याची खात्री केली. लेप निघताच पान एकदम भडक गुलाबी झालं. काका मागून म्हणाले, "अरे, तू तर बिघडवलंस!" मी म्हटलं, "काका, आत्ता कुठे खरा दोष दिसतोय."

स्क्रीनशॉट काढून माझ्या मोबाइलवर पाठवला. मोबाइलवर पान स्वच्छ पांढरं. म्हणजे फाईल आणि प्रोग्रॅम संशयातून सुटले. इथे एक सावधगिरी. नाइट लाइटचा पिवळेपणा किंवा कॅलिब्रेशनचा बदल स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही, कारण तो चित्र तयार झाल्यानंतर, बाहेर पडताना लागतो. स्क्रीनशॉट स्वच्छ आला म्हणून विंडोज सुटलं असं समजायचं नाही.

विंडोज सोडवायला संगणक पुन्हा चालू केला आणि डिलीट दाबून बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावर गेलो. तिथे विंडोज नसतं, ड्रायव्हर नसतो, प्रोफाइल नसतं. तिथली पांढरी अक्षरंही गुलाबी होती. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ड्रायव्हर परत टाकण्यात, विंडोज नव्याने भरण्यात जाणारे कितीतरी तास ती वाचवते. रंगाच्या तक्रारीवर विंडोज फॉरमॅट केलेले संगणक मी पाहिले आहेत, त्यात लोकांची कामाची फाईल गेलेली पाहिली आहे. बायोस आधी बघा, एवढंच कळकळीने सांगतो.

आता उरले पोर्ट, केबल आणि मॉनिटर. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला. हा मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटर आत तयार करतो. गुलाबी पानाच्या मधोमध मेनूची अक्षरं शुभ्र पांढरी. काच, मागचा दिवा, आतला बोर्ड सुटले. दिवा म्हातारा होऊन पिवळा पडला असता तर मेनूही पिवळा दिसला असता.

केबल

सीपीयूच्या मागे हात घातला. व्हीजीए कनेक्टरचे दोन्ही बाजूंचे स्क्रू लावलेलेच नव्हते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत टेबल हललं तेव्हा केबल काढून परत नुसती खोचली होती. केबल टेबलामागून ओल्या भिंतीला टेकून खाली लोंबत होती, ड्रॉवर बंद झाला की तिला धक्का बसत होता. कनेक्टर दोन बोटांत धरून किंचित वर उचलला आणि पान पांढरं झालं. सोडला, गुलाबी.

कनेक्टर बाहेर काढून दाराजवळच्या उजेडात नेला. व्हीजीएला पंधरा पिनांची जागा असते, पाच-पाचच्या तीन ओळी. पहिल्या ओळीत एक नंबरची पिन लाल, दोनची हिरवी, तीनची निळी. दोन नंबरच्या पिनेवर बुडाशी पांढुरका-हिरवट थर चढला होता. लाल-निळ्यावरही होता, पण नावापुरता. काकांनी वाकून पाहिलं आणि मधल्या ओळीत एक पिन तुटलीय म्हणून दाखवली. ती नऊ नंबरची जागा. पुष्कळ केबलींमध्ये तिथे पिन मुळातच नसते, तो दोष नाही. नवीन मुलं या रिकाम्या जागेवरून केबल फेकून देतात.

पिन पूर्ण तुटली असती तर हिरवा संपूर्ण गेला असता आणि पान गडद जांभळं झालं असतं. मग कोणीही मेनूत शिरलं नसतं, सरळ केबल बदलली असती. इथे दोष अर्धवट होता म्हणून तो फसवा होता. व्हीजीएत प्रत्येक रंगाची तीव्रता म्हणजे शून्य ते ०.७ व्होल्ट, आणि दोन्ही टोकांना ७५ ओहमचा रोध. मध्ये खराब कॉन्टॅक्टमुळे समजा १० ओहम घुसले, तर मॉनिटरला ०.७ ऐवजी सुमारे ०.६६ व्होल्ट मिळतात. हिरवा सहा टक्क्यांनी कमी. ३० ओहम घुसले तर सुमारे ०.५८, म्हणजे सतरा टक्के कमी. त्या थराने ओल धरली, कनेक्टर खाली झुकला, की रोध बदलतो. म्हणून पावसात गुलाबी, उन्हात ठीक, आणि ड्रॉवर आपटला की क्षणभर दुसरंच काही.

बॅगेतली माझी खात्रीची केबल लावली, स्क्रू आवळले. गुलाबी गेला. ड्रॉवर चार वेळा आपटला, केबल हलवली, काही फरक नाही. सीपीयूचं पोर्टही बघितलं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू दिलं. मग मुद्दाम भाच्याचं प्रोफाइल परत चालू करून वहिनींना दाखवलं. पान लगेच हिरवट झालं. तीन आठवड्यांतल्या "कोरड्या दिवसांचा" पडदा त्यांच्यासमोर होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रोज वेगळ्या रंगावर काम करत होते."

प्रोफाइल कायमचं काढलं आणि तिथे एसआरजीबी ठेवलं. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेली ही रंगपद्धत आजही बहुतेक साध्या मॉनिटरांची सामाईक बोली आहे. कॅलिब्रेशनचं यंत्र हाताशी नसेल तर डोळ्यांनी केलेल्या प्रोफाइलपेक्षा तीच बरी.

पत्रिका पिवळी का झाली

काकांना खरा प्रश्न हाच होता. केबल वगैरे ठीक आहे, पण भगवा पिवळा कसा झाला?

भगवा हा पडद्यावर भरपूर लाल, मध्यम हिरवा आणि थोडा निळा यांनी बनतो. राष्ट्रध्वजाच्या केशरीचे पडद्यासाठी सर्रास वापरले जाणारे आकडे २५५, १५३, ५१ असे आहेत. या तिघांतला मधला, हिरवा, हाच भगव्याचा भगवेपणा ठरवतो. तो थोडा घटला की रंग शेंदराकडे जातो, थोडा वाढला की हळदीकडे. पांढऱ्या पानात जो फरक "जरा गुलाबी" वाटतो तो भगव्यात सगळा रंगच पालटून टाकतो.

पत्रिका केली तो मुसळधार पावसाचा दिवस होता. पडद्यावर हिरवा पडलेला, भगवा लालसर दिसत होता. मंडळाने तर स्पष्ट सांगितलेलं, शेंदरी नको. छपाईत भगवा पिवळी आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) अशा दोन शायांनी बनतो. वहिनींनी पिवळी १०० टक्के ठेवून मॅजेंटा ५५ वरून ३८ टक्क्यांवर आणली, तेव्हा पडद्यावर त्यांना हवा तो भगवा दिसला. प्रेसने फाईलप्रमाणे छापलं. प्रेसकडे पडदा नव्हता, आकडे होते, आणि ३८ मॅजेंटाला १०० पिवळी म्हणजे हळदच. प्रेसवाल्यांची काही चूक नव्हती, काका त्यांना रागाने फोन करायच्या बेतात होते तो थांबवला.

खरं तर दुकानातच पुरावा होता. गेल्या वर्षीची पत्रिका भिंतीवर चिकटवलेली आहे आणि तिची फाईल संगणकात तशीच आहे. ती फाईल माझी केबल लावण्याआधी उघडली असती तर भिंतीवर भगवा आणि पडद्यावर शेंदरी असा फरक दिसला असता. फाईल बदललेली नाही, कागद बदललेला नाही, म्हणजे बदलला तो पडदा. असा ओळखीचा छापील कागद आणि त्याची मूळ फाईल जवळ असणं कुठल्याही डिझाइनच्या दुकानात हजार रुपयांच्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचं आहे. वहिनींनी आता तो भिंतीवरून काढून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलाय, भिंतीच्या ओलीने तोही बिघडू नये म्हणून.

त्या तीन आठवड्यांतल्या फाईली काढल्या. नऊ निघाल्या. पाच काळ्या-पांढऱ्या पावत्या होत्या, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. उरलेल्या चारांत मॅजेंटा हलवलेली होती. दोन अजून छापायच्या होत्या, त्या वाचल्या.

एचडीएमआय लावल्यावर आलेली नवी अडचण

माझी केबल मला परत न्यायची होती. मॉनिटरला एचडीएमआय होतं, मदरबोर्डलाही होतं, आणि मॉनिटरच्या खोक्यातून आलेली केबल ड्रॉवरमध्ये गुंडाळलेलीच पडली होती. म्हटलं व्हीजीए सोडूनच देऊ. एचडीएमआयवर रंग आकड्यांनी जातो. कॉन्टॅक्ट थोडा खराब झाला तर ठिपके चमकतात किंवा चित्रच जातं, पण असा हळूच गुलाबी होत नाही.

ती लावली आणि सगळं चित्र धुतल्यासारखं फिकट झालं. काळा राखाडी, पांढरा मंद. वहिनींचा चेहरा उतरला. हा दोष केबलचा नव्हता. टीव्हीच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५ या आकड्यांवर धरतात, संगणकाच्या जगात ० आणि २५५ वर. १०८० चं रिझोल्यूशन टीव्हीचंही असल्यामुळे ड्रायव्हरने समोर टीव्ही आहे असं धरून १६ ते २३५ पाठवायला सुरुवात केली, आणि मॉनिटरने ते ० ते २५५ समजून दाखवलं. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये क्वांटायझेशन रेंज लिमिटेड होती ती फुल केली. काळा काळा झाला. मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयचे रंग वेगळे साठवलेले असू शकतात म्हणून तेही पाहून घेतले, तिन्ही १०० वर होते.

एक शेवटची गोष्ट, जी कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. काका उभे राहून मागून बघतात, वहिनी बसून समोरून. हा मॉनिटर टीएन प्रकारच्या पॅनेलचा आहे आणि त्यात वरून बघितलं की रंग फिकट पडतो, खालून बघितलं की गडद. दोघांचा रंगावरून जो नेहमीचा वाद व्हायचा त्यात दोघंही खरं बोलत होते. मी काकांना दुसरी खुर्ची आणून वहिनींच्या शेजारी बसवलं, डोळे पडद्याच्या मध्यावर येतील अशी. "आता बघा." त्यांनी पाहिलं, गेल्या वर्षीची पत्रिका पडद्याशेजारी धरली आणि दाराकडे तोंड करून पुन्हा पाहिली, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कागद निळसर दिसतो.

"अजून किंचित फरक आहे," ते म्हणाले.

फरक राहणारच. पडदा उजेड टाकतो, कागद उजेड परतवतो, आणि शाईला पडद्यावरचा प्रत्येक रंग गाठता येत नाही. म्हणून पाचशे छापण्याआधी प्रेसकडून एक प्रत काढून आणायची, दिवसाच्या उजेडात मंडळाच्या माणसाला दाखवायची आणि त्यावर त्याची सही घ्यायची असं ठरलं. ही सवय काकांना स्क्रीन प्रिंटिंगच्या काळात होती, मधल्या वर्षांत सुटली होती.

दुसऱ्या छपाईचा खर्च काकांनी स्वतः सोसला. मी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. काकांनी आग्रह केला, पण फोनवरचा तो सल्ला माझा होता.

दुसऱ्या दिवशी पत्रिकेची एक प्रत घेऊन वहिनींनी फोटो पाठवला, मॅजेंटा ५५, मंडळाची सही खाली. निघण्याआधी मी मॉनिटरच्या पाठीमागे एक कागद चिकटवून आलो होतो: तारीख, लाल १००, हिरवा १००, निळा १००, प्रोफाइल एसआरजीबी, रेंज फुल. त्याखाली वहिनींनी निळ्या पेनाने आणखी एक ओळ लिहिली होती, "बदल केल्यास इथे लिहिणे." जुनी व्हीजीए केबल मात्र त्यांनी मला टाकू दिली नाही. पुढच्या वेळी भाच्याला दाखवायला ती त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.